एन्कोडर काढल्यावर

उद्यमबागेत, मागच्या गल्लीतल्या फौंड्रीत
वाळूनं तिसरा एन्कोडर खाल्ला.
मालक म्हणाले, आता नवा नको,
डोळ्यावाचून चालतंय काय बघ की.

मिक्सरच्या मोटरची मागची चकती मी काढली,
भोक पत्र्यानं झाकलं
आणि ड्राइव्हला म्हटलं, आता अंदाजानं.

तीन तारा आत जातात. तेवढंच हातात.
किती दाब दिला, किती प्रवाह ओढला;
आणि फिरता फिरता गुंडाळीतून जो उलटा दाब उठतो,
देणाऱ्यालाच आडवा येणारा,
तो वजाबाकीतून ओळखायचा.
खऱ्या मोटरशेजारी एक कागदी मोटर फिरवायची,
दोघींचा प्रवाह जुळेना की कागदीचा कान पिळायचा,
सेकंदाला हजारो वेळा.

दुंडाप्पा कंकणवाडी, रिवाइंडिंगवाले,
बिडी विझवून आत आले.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला.
"साविरद नानूर."
पडद्यावर चौदाशे सात.
त्यांनी पडदा बघितलाच नाही.

त्यांचं मराठी कामापुरतं,
माझं कन्नड बाजारापुरतं.
मधलं आम्ही अंदाजानं भरतो,
चुकलं तर समोरच्याच्या कपाळावर दिसतं.

दुपारी वेग उतरवला. तीनशे. साठ. वीस.
त्याखाली उलटा दाब इतका बारीक होतो
की तारेच्या स्वतःच्याच अडथळ्यात हरवतो.
मिक्सरमध्ये ढेकूळ अडकलं.
शाफ्टवरची खडूची रेघ जिथल्या तिथं,
आणि पडदा म्हणतोय, अकरा.

दुंडाप्पांनी मोटरच्या अंगाला तळहाताची पाठ लावली,
पोराचा ताप बघतात तशी.
"तार सकाळी मोजलास न्हवं? थंड असताना?
आता तापलीया. खरं तुझा हिशोब अजून सकाळीच बसलाय."

तारेचा आकडा वाढवून दिला.
अकराचे दोन झाले, मग उणे एक, परत दोन.
शून्य काही येईना.
थांबलेली मोटर उलट बोलत नाही,
आणि उलट बोलली नाही तर
ती आहे कुठं, हे विचारायचं कुणाला?

चलनावर लिहिलं :
वीस फेऱ्यांच्या खाली भरवसा नाही.
मालकांनी वाचून दुंडाप्पांकडं बघितलं.
ते कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, मालक हसले.
मला कळलं नाही.
फार हळू बोलले ते.