कटरा फुलेल

इर्तिजा मियाँची सान पहाटे चारला सुरू व्हायची.
एका हातात धनुकली, दुसऱ्यात अकीकाची कपची;
नखाएवढी पाकळी,
दोन दिवस, कधी चार.

दुरुस्तीच्या कामावर परांची चढून
त्यांनी जवळून पाहिलं होतं:
दरवाजावरची अक्षरं वर जाता जाता मोठी होतात,
म्हणून खालून सारखी दिसतात.
मिनार बाहेरच्या अंगाला कललेत, किंचित —
पडलेच तर घुमटावर नकोत.
“बघणाऱ्याच्या डोळ्याशी खोटं बोलायचं,” ते घरी सांगत,
“दगडाशी नाही.”
सुग्रा म्हणायची, आधी हात धुवा,
कणकेत धूळ पडतेय.

रौजात सगळं जोडीनं मांडलेलं.
मशिदीच्या समोर मशिदीसारखंच काहीतरी,
जिथे नमाज होत नाही,
केवळ तोल राहावा म्हणून बांधलेलं.
आणि ऐन मध्यावर ती.
तो मागाहून आला, कडेला, तिच्याहून मोठा,
सगळा हिशेब मोडून.
मियाँना तेवढंच आवडायचं.

सुग्रा गेली तेव्हा लू वाहत होती.
कबर कच्ची, उशाशी विटेचा तुकडा.
शेजारची जागा ठेवशील का, विचारलं त्यांनी;
खोदणारा कपाळ पुसत म्हणाला,
चाचा, इथं जागा कुणाला राखता येते?
चार पावसाळ्यांनी हीच माती परत उघडायची.
“मग हीच उघड,” मियाँ म्हणाले, “माझ्यासाठी.”

आता नातू विजेवर सान फिरवतो,
तासात पाकळी.
मियाँ डोळे मिटून सांध्यावर नख ओढतात.
“अडकतंय,” म्हणतात.
“परत घास.”