आधी काढलेलं

जेलरोडच्या त्या दोन खोल्यांत
चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत व्हायचं.
चार महिने वांगं वर्ज्य, म्हणून वास
जिन्यापर्यंत आलेला असायचा,
आणि मी जिन्यातूनच ओरडून सांगायचो:
मला नैवेद्यातलं चालणार नाही.

तेव्हा मी सव्वीसचा. सातपूरला शिफ्ट,
आणि शिफ्ट सुटली की द्वारकेजवळ
टायरच्या दुकानावरचा हॉल.
सतरंज्या, एक पंखा, एकशे चाळीस माणसं,
आणि थोरले बंधू, हळू आवाजात:
जागे आहोत ते फक्त आपण.
बाकी जग झोपेत आहे,
तुमचे आईबाप धरून.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?
ड्रिल मशीनपुढे आठ तास उभं राहणाऱ्याला
कुणीतरी जागा म्हणत होतं.

मग मी घरात जागेपणाने वावरू लागलो.
देव्हाऱ्यातल्या टाकांकडे पाठ करून जेवायचो.
वणीच्या गडावरून आलेला नारळ
दाराबाहेर ठेवायला लावला.
भाऊबीजेला कुमुद भगूरहून आली,
एका हातात तबक, काखेत तान्हं पोर.
मी म्हणालो, कुंकू नको, ओवाळणं नको,
पैसे हवे तर देतो.
तिने निरांजन शिलाई मशीनवर ठेवलं.
तूप संपेपर्यंत ते जळलं.
तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही,
पोर मात्र ज्योतीकडे बघून हसत होतं.

नाना प्रेसमध्ये होते. जन्मभर नोटा मोजलेला माणूस
माझ्याशी शब्द मोजून बोलू लागला.
गेले, तेव्हा दहाव्याला सगळे रामकुंडावर उतरले.
मी वर, पायऱ्यांच्या तोंडाशी.
कुणीतरी म्हणालं, थांबलाच आहेस तर चपलांकडे बघ.
चौदा जोड.
खाली धाकटे काका पिंड मांडत होते, माझ्या जागी,
आणि मी चौदा जोड मोजले, पुन्हा मोजले,
एक कुत्रं हाकललं.
नानांसाठी केलं ते एवढंच.

मंडळ कसं सुटलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.
भांडण नाही, साक्षात्कार नाही.
आधी मंगळवारची बैठक चुकली,
मग गुरुवारची.
चौकशीला कुणी आलं नाही, तेव्हा मात्र झोप उडाली.
टायरचं दुकान अजून आहे.
वर आता दहावीचे क्लासेस.

कुमुद हल्ली फोनवर दिव्याचं चित्र पाठवते.
तबक घेऊन आली नाही परत.
मी बोलावलं होतं, दोनदा.
'बघू' म्हणाली. तिचं पोर आता इंजिनिअर आहे,
मला 'अहो मामा' म्हणतं.

यंदा चंपाषष्ठीला मी लवकर पोचलो
आणि स्वयंपाकघरातच पाट घेऊन बसलो.
माईने रोडगा तव्यावरून उतरवला.
भरिताचं पातेलं उघडलं,
आणि देवाचं ताट घेण्याआधी
एका वाटीत दोन डाव काढून वर झाकण ठेवलं.

मला वाटायचं, माझं ती वेगळं शिजवते.
वेगळी चूल, वेगळं पातेलं, माझ्या हट्टाचा विजय.
पातेलं एकच होतं.
जिने उभ्या जन्मात
नैवेद्याआधी मीठसुद्धा चाखलं नाही,
ती वर्षानुवर्षं खंडोबाला
माझं उरलेलं वाढत आली.

'माई, आता चालतं मला नैवेद्याचं.'
'ठाऊक आहे,' ती म्हणाली.
'हात आपला तसाच वळतो.
आणि देव काय, थांबतो.
तुला कधी भूक निघाली होती?'

वाटी पुढे सरकवली.
मी घास घेतला.
मीठ जरा कमी होतं.
देवाचं ताट अजून रिकामंच होतं.