पाचपर्यंत मोज

"मोटरीवर तळवा ठेव," गफूर शिकलगार म्हणाला,
"आणि पाचपर्यंत मोज."
दोनलाच माझा हात मागे आला.

भवानी पेठेतून स्कूटरवर आलेला माणूस,
चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
बास्केट उघडली: शिरीषाची सुकी पानं, केसांचा बोळा,
कुणाचा तरी गुलाबी क्लिप. धुऊन परत बसवली.
व्होल्टेज दोनशे अठरा. बरं आहे.
शाफ्ट बोटानं फिरवून कान लावला,
बेअरिंग कुरकुरत नव्हतं.
कॅपॅसिटरही फुगलेला नाही.
वार्निशचा वास मात्र, करपल्या गुळासारखा.

वर धनकवडीचं मार्चमधलं ऊन,
आणि सोसायटीची पोरं काठावर पाय सोडून
हिरवट होत चाललेलं पाणी बघत.

मग त्याची नजर भिंतीवर गेली.
जाळी होती तिथं माझी जुनी गादी कोंबलेली,
वर फळी, फळीला चार खिळे.
"ही श्वास कुठून घेणार?"

मी गप्प.
भिंतीपलीकडे आमची खोली.
तिथं रेणुका, बारावीची,
कानात कापूस घालून
रसायनशास्त्राचं पान उलटत होती.
एवढ्या आवाजातही मला ते ऐकू येतं.

"शेवटचा पेपर कधी?"
"अठराला."

त्यानं खिळे उपटले, एकेक, वाजू न देता.
मोटरीच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे सरकवले, नट आवळले.
"निम्मा आवाज जाईल.
निम्मा तिला सांगून ठेव."

संध्याकाळी मी परत तळवा ठेवला.
एक, दोन, तीन.
चारला जरा घाई केली.