पासंग

लक्ष्मीपुरीत आमचं दुकान, साडेसहा फूट रुंद.
पाटीवर : शिकलगार, वजनकाटे दुरुस्ती.
आत शिशाची कढई, छिन्नी, हातोडा,
आणि खिळ्याला दोरीनं टांगलेला
लिंबाएवढा एक दगड.

अब्बा म्हणायचे, दोन पारडी सारखी नसतातच.
एकाच पत्र्यातनं कापली तरी नसतात.
हलकीला पासंग बांधायचा,
दांडी आडवी होऊन थरथर थांबली
की मगच म्हणायचं, घाला माल.
लोकांना एवढा दम नसतो, घोटाळा तिथं सुरू होतो.

एका हंगामात शाहूपुरीतनं एका अडत्यानं
वजनांचे दोन जोड पाठवले.
निरोप असा की एक घ्यायचा, एक द्यायचा,
काय ते समजून घ्या.
अब्बांनी समजून घेतलं,
दोन्ही जोड तंतोतंत सारखे केले
आणि बिलासकट परत धाडले.
ते बिल अजून यायचंय.
त्या वर्षी आम्ही कात्र्यांना धार लावून जेवलो.

गुळाचा भाव तेव्हा रुमालाखाली ठरायचा,
बोटांना बोटं कळायची.
ज्यानं रात्रभर काहिलीपाशी डोळे जाळले
तो बाजूला उभा राहून रुमालाची नक्षी बघायचा.
हात झाकलेत तोवर, अब्बा म्हणायचे,
काटा खरा असून करायचंय काय?

मग कपिलतीर्थाची इठाबाई कवाळे.
किलोचं वजन घेऊन आली, कडी ढिली झालेली.
अब्बांनी सहज तोललं, परत तोललं,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
चाळीस ग्रॅम जास्त.
दोन वर्षं ती किलोच्या नावावर
किलो चाळीस देत होती.
शिसं अब्बांनी ओतलेलं, नजर तेव्हाच उतरत चाललेली.
शिक्का साहेबांचा, न तोलताच मारलेला,
गाडी चुकत होती म्हणून.
त्या दिवशीचा चहा तेवढा इठाबाईचा.

ती आधी गप्प बसली. मग म्हणाली,
"गिऱ्हाईक मला का सोडत न्हाई ते आत्ता कळालं गा."
आणि एकदम चेहरा उतरला तिचा :
"म्हंजे शेजारच्या दोघीजणींचं मी खाल्लं की!"

तिच्या वांग्यांची भरपाई अब्बांनी देऊ केली,
तिनं घेतली नाही.
त्या दोघींची कुणी द्यायची
हे कुणालाच ठरवता आलं नाही.
तेव्हापासून दर दिवाळीआधी अब्बा
स्वतःची पितळी वजनं फडक्यात गुंडाळून
कचेरीच्या रांगेत उभे राहायचे
आणि साहेबांना सांगायचे, बसा. तोला. मग मारा.

आता दुकान मी बघते.
दांडी गेली, लाल आकडे आले.
मी पोरींना शिकवते :
आकडा गिऱ्हाइकाकडं फिरवून ठेवा,
रिकाम्या पाट्यावर शून्य दिसू दे आधी.

परवा घाटावर गेले होते.
पंचगंगेला फेस, साबणासारखा पण साबणाचा नव्हे,
आणि काठाला पांढरी पोटं वर करून मासे.
एक कॅन भरून आणला,
दुकानातल्या नव्याकोऱ्या काट्यावर ठेवला.
पाच किलो, तीनशे दहा.
बोरिंगचं पाणी ठेवलं त्याच कॅनमधनं.
पाच किलो, तीनशे दहा.

काट्याचा यात दोष नाही.
त्याला जे विचारलं ते त्यानं सांगितलं.
पिवळाधमक गूळ, कडक इस्त्रीचं कापड,
सगळ्यांची बिलं मी वाचून काढली त्या रात्री.
ऊस आहे, मजुरी आहे, वीज, हमाली, अडत, तोलाई,
तोलाईसुद्धा आहे.
मासे कुठल्याच ओळीत नाहीत.

साहेब नवे आहेत, तरुण आहेत.
म्हणाले, बाई, याचं वजन आमच्याकडं नाही.
म्हटलं, मग घडवायला घ्या,
शिसं माझ्याकडं आहे.
हसले. अर्ज मात्र ठेवून घेतला.

रात्री शटर ओढताना
तो टांगलेला दगड काढला खिळ्यावरनं.
गुळगुळीत, एका अंगाला हिरवट.
आईला विचारलं, हा कुठनं आणला होता गं अब्बांनी?
ती म्हणाली, कुठनं म्हंजे?
नदीतनं.