चाळीस, तीस, वीस

चाळीस, तीस, वीस.
शेजारच्या पोराने मोबाइलवर बघून सांगितलं,
आणि लामझिराने भिंतीवर पेन्सिलीने चौकोन काढला,
मुलीची उंची मोजायच्या जुन्या रेघांच्या
जरा खाली.
एवढ्यात मावायला हवेत नव्वद दिवस.

वाझाने परसातून बटाट्याचा काटा आणला.
रिकामी बॅगच आठशे ग्रॅम.
"म्हणजे रिकामेपणाचंही वजन धरतात,"
तो म्हणाला, आणि मग बराच वेळ
पारड्याला चिकटलेली माती नखाने खरवडत बसला.

आधी जाड बूट निघाले.
मग चौकट निघाली, फोटो राहिला.
मग साबण. बारी शहरात एक म्हातारी आहे,
तिला रोज न्हाऊ घालायचंय,
त्या घरात साबण नसेल का?
टॉवेल मधोमध कापला.
उरलेला अर्धा वाझाने काही न बोलता
खुंटीला लावला.

दिवेलागणीला म्झेविनार आली, वरच्या आळीतली,
पदराआड धरावी तशी धरलेली पिशवी:
दोन किलो अक्रोड, बारीतल्या बहिणीसाठी.
"तुला काय जड आहेत गं?"
लामझिराने नुसतं काट्याकडे बोट दाखवलं.
म्झेविनारने काट्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं,
आणि हातोडी मागितली.

मग तिघं बसली फोडत.
रात्री अकरापर्यंत टक, टक,
बहिणीच्या सासूच्या कागाळ्या, टक,
इटलीत म्हणे पावालाही मीठ कमी, टक,
एक घोट वाइन, एक बोट ठेचलं.
गर निघाला किलोभर. त्यातला अर्धा
बोलता बोलता कुणी खाल्ला, कुणी कबूल होईना.
टरफलं सकाळी चुलीत घातली,
चांगली जळतात.

अंगावर जे असतं त्याला काटा लावत नाहीत,
म्हणून दोन स्कर्ट, तीन स्वेटर, वर वाझाचा कोट,
कोटाच्या खिशात औषधं, चष्मा, चार्जर,
मे महिन्यात चालतीबोलती कपाटासारखी ती
चियातुराच्या दरीवरून रोपवेने उतरली.
काचेपलीकडे हात हलवायचा होता,
पण कोपर वाकेना.

कुटाइसीच्या विमानतळावर लोखंडी पिंजरा.
त्यात बॅग गेली नाही.
मागच्या बाईने गुडघा लावला,
तिच्या मागच्याने "एक, दोन" म्हटलं,
आणि गेली. आता बाहेर निघेना.
सगळी रांग हसली, तीही हसली,
तीन स्वेटरांच्या आत घामाने भिजून.

पुढे तपासणीवरच्या मुलाने तळातून बाटली काढली:
हिरवी त्केमाली, परसातल्या आंबट आलुबुखाराची.
"पातळ पदार्थ चालत नाही, काकू."
"पातळ कुठे आहे? वाकडी करून बघ."
त्याने वाकडी करून बघितली.
दोघांनी मिळून बघितली. हळूहळू,
पण सरकत होती.
त्याने ती डब्यात टाकली नाही,
टेबलाखाली पायापाशी उभी केली,
आणि लामझिरा पट्टा परत बांधता बांधता म्हणाली,
"बटाट्याबरोबर खा. हलवून घे आधी."

बारीतल्या खोलीत कपाटाला सात खण.
सगळं एकात मावलं,
स्वेटर सोडून, ते खुर्चीवर माणसासारखे बसले.
इन्कोरोनाताबाई काठी टेकत दारात आल्या.
उघडे खण पाहिले, खुर्ची पाहिली,
"बाकीचं सामान कधी येणार?"
हे वाक्य लामझिराला पाठ केलेल्यांत नव्हतं.
हातवाऱ्यांवरून कळलं तेव्हा
तिने बॅग उलटी करून झटकली.
अक्रोडाच्या टरफलाचा एक कपचा
फरशीवर पडला, घरंगळत पलंगाखाली गेला.

म्हातारीने काठीने तो बाहेर ओढला,
उचलून उजेडात धरला, वास घेतला.
मग भिंतीवरच्या टॉवेलाकडे वळली,
त्याच्या कापलेल्या कडेचे लोंबते दोरे
बोटांनी चाचपत म्हणाली,
"हे शिवून घ्यायला हवं."
सुईदोऱ्याचा डबा कुठे आहे ते
काठीनेच दाखवलं.

"नको," लामझिरा म्हणाली.
हा शब्द तिला येत होता.