आणि, किंवा

सकाळी प्रार्थना झाली.
मी माइकवाला. प्रार्थनेला लाल दिवा लावत नाही,
देवाला वेळेची मर्यादा नाही.
बाकी सगळ्यांना पाच मिनिटं.

आमचं सभागृह पाण्याला पाठ लावून बसलंय.
भरती आली की भिंतीपलीकडे लाटांची कुजबुज सुरू होते
आणि ती माझ्या ध्वनिमुद्रणात उतरते.
दहा वर्षांत कुणी तिला
कामकाजातून काढून टाका म्हणालेलं नाही.

आज आधी खोबऱ्याचा भाव.
मग दोन प्रश्न, एक जेट्टीचा, दुसरा त्याच जेट्टीचा.
मंत्री म्हणाले, माहिती गोळा करण्यात येत आहे.
मागच्या बाकावर कुणीतरी शहाळं फोडलं.

मग विधेयक: समुद्रात बेपत्ता झालेल्यांबाबत, दुसरं वाचन.
कलम चार. बेपत्ता इसम मृत मानावा,
जर सात वर्षं उलटली असतील
आणि दोघा साक्षीदारांनी शपथेवर तसं सांगितलं असेल.

ओनोतोआचे बाइतेके उठले.
जुना दर्यावर्दी. माइक धरतात तो निसटता मासा धरावा तसा.
"अध्यक्ष महोदय, 'आणि' काढा, 'किंवा' घाला."
आणि बसले.
चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद शिल्लक.
मी दिवा तसाच ठेवला,
वाटलं, उरलेलं आता बोलतील.

बोलले ते इतरच.
महाधिवक्ता म्हणाले, 'किंवा' म्हणजे फसवणुकीला दार उघडं,
दोन मेहुणे आणि एक बाटली, झाला माणूस मृत!
गोंधळ. हरकतीचा मुद्दा.
बाटलीचा उल्लेख मागे घेण्यात आला.
मेहुणे कामकाजात राहिले.

जेवणाच्या सुट्टीनंतर गणसंख्या भरेना.
घंटा वाजवली. पुन्हा वाजवली.
नीरफणसाच्या झाडाखालून तिघे हात पुसत आले.
बाइतेके बसल्या जागेवरूनच म्हणाले,
माइक बंद होता, पण मला ऐकू आलं,
"होडीत एकटा असतो माणूस.
शपथ कोण घेणार? बांगडा?"

सज्जात नेई कारावा बसली होती,
खाली स्वतःची केवड्याची चटई अंथरून,
बाकड्यावर नव्हे.
जहाजानं तीन दिवस आली होती.
एका सदस्यानं बोट दाखवलं, "त्या माउलीकडे पाहा!"
तिनं मागे वळून पाहिलं,
कोण माउली आहे ते.

मतदान. होकारार्थी चोवीस, नकारार्थी पंधरा.
'आणि'वर आडवी रेघ.
चोवीस हातांनी तिला विधवा केलं
आणि बाकं वाजवली.

ओसरीत तिच्याभोवती गर्दी. हातात हात.
कुणी तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला.
चहा घेऊन मी बाजूला उभा, तर मलाच विचारते,
मी म्हणजे सरकार, असं तिला वाटलं असावं,
"आणि एरितारा परत आला तर?"

येतात कधी कधी. तिलाही माहीत, मलाही.
दूरच्या कुठल्या बेटाला लागतात,
पावसाच्या पाण्यावर जगलेले, सालटं निघालेले, जिवंत.

मी विधेयकाची प्रत उलटली. कलम अकरा.
तिला वाचून दाखवलं:
सदर इसम हयात आढळल्यास
दिलेली संपूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल करण्यात येईल.

ती हसली. पोटभर, मोठ्यानं,
फुलं सरकून कानावर आली.
"म्हणजे हातच लावायचा नाही," म्हणाली,
"बिस्किटाच्या डब्यात ठेवते सगळे.
आल्या आल्या त्याच्या डोक्यावर कर्ज नको."

मग चटई गुंडाळली, प्रत त्यातच घातली,
आणि बंदराकडची बस कुठं थांबते ते विचारलं.

सभागृह उद्या नऊपर्यंत तहकूब.
मी एकेक माइक बंद करत गेलो.
ओनोतोआचा आधीच बंद होता.
मुद्रण थांबवायचं मात्र विसरलो;
आज रात्रीच्या भरतीचं सगळं म्हणणं
अक्षरशः
नोंदवलं गेलंय.