एकाच माणसाचे सतरा नंबर

नव्या फोनमध्ये नंबर उतरवताना
तेजल मध्येच थांबली.
आई, ‘हे’ नावाची इतकी माणसं कोण गं?

हे सिंगापूर. हे डर्बन. हे सांतोस.
हे रॉटरडॅम जुना, हे रॉटरडॅम नवा.
हे बुसान लागत नाही.
मोजले तर सतरा भरले.

तिचे बाबा जहाजावर भंडारी.
धक्क्याला लागलं की आधी बावीस माणसांची भांडी,
मग गेटाबाहेरच्या टपरीवर
सगळ्यात स्वस्त कार्ड कुठलं, ते बोटांनी विचारायचं.
फोनची पाठ उघडून, बॅटरी काढून
मुंबईचं कार्ड ठेवायचे
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळून,
खिशात, देवाच्या फोटोमागे.

आणि इथे शिवडीला, डाळीला फोडणी देताना,
माझ्या फोनवर अधिकचं चिन्ह उगवायचं.
पासष्ट म्हणजे सिंगापूर, सत्तावीस आफ्रिका,
एकतीस हॉलंड, पंचावन्न ब्राझील.
शाळेत भूगोलात दोनदा नापास झालेली बाई मी.

पैसे संपत आले की नुसती रिंग.
एक वाजली तर पोचलो.
दोन, निघालो.
तीन वाजल्या तर काही नाही, उगाच.
तीनची रिंग आली की मी फोन पदराने पुसून
परत फडताळात ठेवायची.

बोलणं व्हायचं ते कुठल्याही क्षणी तुटायचं.
एक परकी बाई मध्येच गोड आवाजात काहीतरी सांगायची,
की संपलं.
कपाटाची किल्ली मी त्या...
डॉक्टरांना म्हणावं की...
आणि ऐक, मला तुझी...
किल्ली सापडली आठ महिन्यांनी, पिठाच्या डब्याखाली.
बाकीचं विचारायचं राहून गेलं.

तुझ्या बारशाच्या दिवशी सांतोसहून आला होता.
पाळण्याला दोरी बांधून झालेली, बायका खोळंबलेल्या,
माझ्या नणंदेने फोन कानाला धरला
आणि ओरडली, तेज म्हणतायत, तेज!
पुढे नुसती खरखर.
मुलीचं नाव तेज कसं ठेवायचं,
म्हणून सासूबाईंनी पदरचा ‘ल’ जोडला.
चार महिन्यांनी बॅग खाली ठेवता ठेवता म्हणाले,
मी तेजस्विनी म्हणत होतो.
तोवर तू तेजल म्हटलं की मान वळवायला लागली होतीस.

म्हणजे अर्धं नाव अजून ब्राझीललाच आहे?
म्हणून हसली पोरगी.

मी तिला सांगितलं नाही
की मागच्या वर्षी एका दुपारी,
हे गुडघ्याला शेक घेत झोपलेले असताना,
मी सांतोस लावून पाहिला होता.
अठ्ठावीस रुपये गेले.
एका बाईने उचलला. मागे कुकर होता,
शिट्टी कुठल्याही देशात शिट्टीच.
मला दुसरं काही सुचेना,
मी विचारलं, हे आहेत का?
ती खूप वेळ काहीतरी सांगत राहिली.
एक शब्द कळला नाही,
पण घाईत नव्हती.

आता ह्यांचा एकच नंबर.
महिनाभर कितीही बोला म्हणतात,
तरी बाजारातून साठ सेकंदांच्या आत फोन ठेवतात.
मेथी. दोन जुड्या. बांगडा महाग. येतो.
सेकंद मोजायची सवय हाडात गेलेली.

आई, हे सगळे डिलीट करू?
कशाला, राहू दे. जागा कुणाची अडतेय?

मग ती पुढच्या नावावर गेली, नझीर गॅसवाले,
तेव्हा म्हटलं, थांब.
बुसान तेवढा काढ.
त्या एकोणीस दिवसांत तो नंबर मी इतका फिरवलाय
की अंधारातही बोटं बरोबर पडतील.
लिहून ठेवायची गरज नाही.